दगडी कोळशाची राख भाजीच्या वाफ्यात टाकावी का?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन निरनिराळ्या राखा एकत्र आल्या आहेत. तुमचा ढाबा चंद्रपूरजवळ, भट्टी दगडी कोळशावर चालते, दिवसाला वीसेक किलो कोळसा जळतो आणि राख घमेल्यांनी निघते. मागे वीस बाय तीस फुटांची परसबाग, त्यात मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा, वांगी आणि मांडवावर श्रावण घेवडा. सासूबाईंचे म्हणणे, राख म्हणजे खतच, आम्ही जन्मभर चुलीची राख वांग्यांना टाकली. शेजाऱ्यांनी वीज केंद्राच्या राखेची ट्रॉली शेतात ओतून घेतली आणि त्यांचे सोयाबीन बरे आले. तुम्ही दोन महिने भट्टीची राख वाफ्यांत मिसळली आणि आता घेवड्याची खालची पाने कडेने करपू लागली आहेत. पुढे टाकू की थांबू, आणि टाकलेल्याचे काय करू, हा तुमचा प्रश्न.

थांबा. भट्टीची राख भाजीच्या वाफ्यात, कुंडीत, कंपोस्टच्या खड्ड्यात, कुठेच नको. सासूबाई त्यांच्या राखेबद्दल बरोबर आहेत. शेजाऱ्यांचे सोयाबीन खोटे नाही. पण त्या दोन्हींवरून तुमच्या भट्टीच्या राखेचा निर्णय करता येत नाही.

चुलीतली राख ही झाडाची राख. झाडाने मुळांतून जे पालाश (पोटॅश), कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडे स्फुरद (फॉस्फरस) उचलले, ते लाकूड जळाल्यावर मागे उरते. लाकडाच्या राखेत साधारण तीन ते सात टक्के पालाश असते आणि ते बरेचसे पाण्यात विरघळते, म्हणजे आज टाकले की पिकाला लवकर मिळते. बाकी मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्या जातीचा. गोवरीच्या राखेत पालाश कमी आणि वाळू-माती जास्त, कारण गोवरी थापतानाच अंगणातली माती तिला लागते. तरी तीही निरुपद्रवी.

दगडी कोळशाचे तसे नाही. कोळशाच्या थरात झाडांच्या अवशेषांबरोबर चिखल, गाळ आणि खडकाचा चुरा दबलेला असतो. जे जळते ते झाड, आणि जे उरते तो मुख्यतः खडक. आपल्या वणी-चंद्रपूर पट्ट्यातला कोळसा राखेला भरपूर. भारतीय कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख निघणे नेहमीचे. त्या राखेत निम्म्याहून अधिक सिलिका, पाव हिश्शाच्या आसपास अॅल्युमिना, मग लोह. चुना थोडा. पालाश एखाद-दोन टक्के सापडते, पण ते काचेसारख्या वितळून गोठलेल्या कणांत अडकलेले, मुळांच्या हाती फारसे न लागणारे. नत्र तर जळूनच गेलेले असते. तेव्हा खत म्हणून या राखेची किंमत जवळजवळ शून्य. फुकट मिळते म्हणून टाकायची, तर मुरूमही फुकट मिळतो.

आता वाईट बाजू. कोळशात शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, सेलेनियम हे सगळे अत्यल्प प्रमाणात असतातच. शंभर किलो कोळसा जळून चाळीस किलो राख उरली, की त्यातले जे उडून जात नाही ते अडीच पट दाट होते. पारा बराचसा धुरावाटे निघून जातो. इथे एक गोष्ट आपल्या कोळशाच्या बाजूने सांगायला हवी. परदेशातल्या ज्या कोळशात राख दहा टक्केच असते, तिथे हे धातू तेवढ्याशा राखेत एकवटतात. आपल्याकडे खडकच इतका, की किलोमागे धातू पातळ होतात. म्हणून तिकडचे लेख वाचून आलेली सगळी धास्ती इकडे जशीच्या तशी लागू होत नाही. पण तुमच्या बाबतीत खरा घोळ प्रमाणाचा आहे, आणि तो हिशेब आपण करूनच टाकू.

वीस किलो कोळशाची राख सात ते आठ किलो. वर्षाची झाली सत्तावीसशे किलोच्या आसपास. तुमची बाग सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे छप्पन्न चौरस मीटर. दर चौरस मीटरला पन्नास किलोच्या जवळपास राख! थर मोजला तर वर्षाला दोन इंच. हेक्टरच्या भाषेत हे पाचशे टनांकडे जाते. शेतीत राखेचे जे प्रयोग झाले, त्यात नेहमीच्या मात्रा हेक्टरी काही दहा टनांच्या, फार तर शे-दोनशे टन, त्याही एकदाच, माती तपासून, शेणखताच्या जोडीने. परसबागेत अडचण हीच असते की जागा चिमूटभर आणि राख रोजची. नत्र पिकाबरोबर निघून जाते, धातू जात नाहीत. शिसे एकदा मातीत बसले की तुमच्या नातवंडांच्या काळातही तिथेच.

त्यात तुमची पिके नेमकी नको ती आहेत. पालक, मेथी, सांबार यांच्या पानांत कॅडमियम फळभाज्यांपेक्षा जास्त चढते. शिसे मुळांतून वर फारसे जात नाही, ते धुळीच्या रूपाने पानांना आणि मुळ्या-गाजरांच्या सालीला चिकटून पोटात जाते. पालेभाजी जमिनीलगत वाढते, पावसाच्या थेंबाने उडालेली माती तिच्या पानांच्या बेचक्यात बसते, आणि सांबार तर आपण कच्चाच खातो. घरात लहान मुले असतील तर हे आणखी मनावर घ्या. शिशाचा मारा मुलांच्या मेंदूवर होतो आणि थोड्या मात्रेतही होतो.

घेवड्याची पाने करपण्याचे कारण मात्र बहुधा धातू नाहीत. धातूंचे नुकसान असे पानावर लिहून येत नाही, आणि म्हणूनच ते फसवे. माझा संशय बोरॉनवर आणि क्षारांवर आहे. ताज्या राखेत विरघळणारे क्षार असतात आणि बोरॉन त्यांच्याबरोबर चटकन सुटतो. बोरॉन पिकाला लागतो, पण पुरेसा आणि जास्त यांत अंतर फार थोडे. घेवडा, कांदा, लसूण ही जास्तीच्या बोरॉनला लवकर बळी पडणारी पिके, कोबी मध्यम, टोमॅटो, म्हणजे आपले भेदरे, बरेच सोसते. लक्षणही जुळते: जुनी, खालची पाने आधी, टोके आणि कडा पिवळ्या पडून मग तपकिरी. शेजारचे भेदऱ्याचे झाड धडधाकट असेल तर संशय आणखी पक्का करा. नवी रोपे उगवताच बसत असतील तर ते क्षारांचे काम.

आणखी एक, ढाब्याच्या भट्टीचे खास. वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून प्रचंड तापमानाला जाळतात, त्यामुळे त्या राखेत न जळलेले फार थोडे उरते. ढाब्याच्या भट्टीत तसे तापमान नसते. अर्धवट जळलेला कोळसा, डांबरासारखी संयुगे, वितळून घट्ट झालेले खडे हे सगळे राखेत येते. शिवाय भट्टीत काय काय पडते ते तुम्हीच आठवा. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, रंग दिलेल्या जुन्या फळ्या, पेटवायला टायरचा तुकडा. जुन्या रंगात बरेचदा शिसे असते आणि ते बरेचसे राखेत उतरते. हॉटेलच्या भट्टीची राख पाहताना मला कोळशापेक्षा या बाकीच्या वस्तूंची काळजी जास्त वाटते.

किरणोत्सर्गाचे कुणीतरी तुम्हाला सांगितले असेलच, कारण हल्ली ते हमखास सांगतात. कोळशातले युरेनियम-थोरियम राखेत दाट होते हे खरे, पण ते सामान्य माती-खडकांच्या पंक्तीत बसण्याइतकेच राहते. परसबागेसाठी ती चिंता मागच्या रांगेत ठेवा.

शेजाऱ्यांच्या ट्रॉलीकडे येऊ. वीज केंद्राच्या राखेवर केंद्र सरकारची पहिली अधिसूचना सप्टेंबर १९९९ ची, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रांना सगळी राख वापरात आणण्याची सक्ती केली. म्हणून आता ती राख सिमेंटला, विटांना, रस्त्यांच्या भरावाला जाते. शेतीचा उल्लेख त्यात आहे, पण अटीसह: माती परीक्षणाच्या आधारे, नियंत्रित प्रमाणात. ट्रॉली आली आणि ओतली, याला नियंत्रित म्हणत नाहीत. तरीही सोयाबीन का सुधारले याला कारण आहे. भारी कन्हार, म्हणजे काळी चिकण जमीन, ओली असताना लोण्यासारखी चिकट आणि वाळली की हाताएवढ्या भेगा. राखेचे बारीक, गाळाच्या जाडीचे कण चिकणमातीत शिरले की ती जरा मोकळी होते, पाणी मुरते. सोबत थोडे गंधक, थोडा बोरॉन मिळतो. राखेच्या तळ्यात पाण्याखाली बराच काळ राहिलेली राख असेल तर तिच्यातले विद्राव्य क्षार आधीच धुऊन गेलेले असतात, म्हणून पीक करपतही नाही. आणि सोयाबीनचा आपण दाणा वापरतो, पाला नाही. दाण्यात हे धातू पानांच्या मानाने कमी पोचतात. या सगळ्या सवलती तुमच्या पालकाच्या वाफ्याला मिळत नाहीत. शेजाऱ्यांनाही माझा निरोप द्या: एकदा झाले ते झाले, दरवर्षी नको, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको.

आता मूळ गरज. जमीन घट्ट आहे आणि भट्टीजवळ राख पडून आहे, म्हणून तुमच्या हाताला राख लागली, एवढेच. पालाश हवे म्हणून टाकत असाल तर आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसेच असते. चुना हवा म्हणून टाकत असाल तर ही जमीन मुळात चुनखडीची, तिचा सामू (पीएच) बहुधा साडेसातच्या वरच सापडतो. त्यात आणखी अल्कधर्मी काही घातले की लोह आणि जस्त अडकून बसतात. नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या अशी झाडे दिसू लागतात. हीच गोष्ट सासूबाईंच्या चुलीच्या राखेलाही लागू आहे. काळ्या जमिनीत तीही हात राखूनच: वर्षाला चौरस मीटरला ओंजळभर, पन्नास ते शंभर ग्रॅम, त्याहून जास्त नाही. बटाट्याच्या वाफ्यात तीही नको, खवल्या रोग वाढतो. ताज्या शेणखतात किंवा युरियात मिसळून तर कधीच नाही, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. चुलीच्या राखेचे खरे घर म्हणजे कोकणातली लाल, आंबट जमीन, किंवा आपल्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यातली आंबूस जमीन.

काकडी, दोडक्याच्या कोवळ्या वेलांवर लाल भुंगेरे येतात तेव्हा पहाटेच्या दवावर चाळलेली राख धुरळायची आपली जुनी रीत आहे. ती चालू ठेवा, लाकडाच्या किंवा गोवरीच्या राखेने. तिथे भट्टीची राख वापरली तर ती सरळ ताटात येईल.

कोणती राख कोणती हे कळत नसेल तर चमचाभर राखेवर लिंबू पिळा. लाकडाची राख जोरात फसफसते. दगडी कोळशाची सहसा थंड राहते, बोटांत चोळली तर करकरते, खडे लागतात, रंगाला तांबूस किंवा मळकट झाक असते. इस्त्रीवाल्याचा आणि बहुतेक तंदूरचा कोळसा लाकडी असतो, त्याची राख चुलीच्या राखेत धरायला हरकत नाही. मात्र ही परीक्षा फक्त जात सांगते. राखेत रंगीत फळी जळली होती का, ते लिंबू सांगणार नाही.

टाकलेल्या राखेबद्दल. दोन महिन्यांत चार-साडेचारशे किलो गेली असेल. कमी नाही, पण बाग सोडून देण्याइतकीही नाही. जिथे अजून थर दिसतो तिथला वरचा दोन-तीन इंचांचा पट्टा फावड्याने खरवडून काढा. आधी पाणी शिंपडा, तोंडाला फडके बांधा, ही धूळ छातीत जाऊ देऊ नका. जिथे खोल मिसळली आहे तिथे उकरत बसू नका. चांगले कुजलेले शेणखत चौरस मीटरला चार-पाच किलो घाला. सेंद्रिय पदार्थ बरेचसे धातू धरून ठेवतात आणि पिकाच्या हाती कमी लागू देतात. मग पाण्याचा निचरा होतो याची खात्री करून दोन-तीन वेळा भरपूर पाणी द्या. बोरॉन आणि क्षार पाण्याबरोबर खाली जातात. काळ्या जमिनीत हे हळू होते, एका पावसाळ्याची वाट पाहावी लागेल. पाणी साचत असेल तर आधी गादीवाफा करा, नाहीतर क्षार फिरून वर येतील.

त्या वाफ्यांत पुढचे वर्षभर पालेभाज्या, मुळा, गाजर, कांदा-लसूण नको. वांगी, भेदरे, भेंडी, दोडका, दुधी लावा. फळभाजीत धातू सगळ्यांत कमी चढतात आणि मांडवावरचे फळ मातीपासून लांब असते. जमीन उघडी ठेवू नका; सोयाबीनचे कुटार (मळणीचा भुसा) किंवा धानाची तणस (पेंढा) पसरा, म्हणजे माती उडून पानांवर बसत नाही. सध्या उभा मुळा खायचाच असेल तर पाला टाका, साल जाड काढा. मेथीबद्दल मी म्हणेन की ती उपटून टाका. एका वाफ्याच्या मेथीसाठी एवढा विचार कशाला. उपटलेली मेथी कंपोस्टात मात्र नको. कुंड्यांत राख घातली असेल तर ती माती जास्वंद-मोगऱ्याला वापरा आणि भाजीच्या कुंड्या नव्याने भरा.

माती तपासून घ्या, पण काय तपासतात ते समजून. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी येतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन. तुमच्यासाठी यांतले क्षारता आणि बोरॉन महत्त्वाचे, घेवड्याचे कोडे त्यावर सुटेल. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम त्यात नसतात; पत्रिका चांगली आली म्हणजे धातू नाहीत असा अर्थ काढू नका. ते वेगळे सांगून खासगी प्रयोगशाळेत करून घ्यावे लागतात आणि महाग पडतात. जुना रंग किंवा टायर भट्टीत नेहमी जळत असेल तर तो खर्च करा, एरवी राख थांबवणे पुरे. नमुना घेताना राखेच्या वाफ्यांतून सहा-सात जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून सहा-आठ इंचांपर्यंतची माती घ्या, एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलोवर आणा. जस्ताचा पत्रा मारलेले घमेले वापरू नका, प्लास्टिकचे घ्या; नाहीतर घमेल्यातलेच जस्त अहवालात दिसेल. राख न टाकलेल्या कोपऱ्याचा वेगळा नमुना द्या. तुलनेला काही नसेल तर नुसत्या आकड्याने कळणार काय?

जमीन मोकळी करायची तर तुमच्या भागात त्यासाठी राखेपेक्षा कितीतरी चांगले सामान वाया जाते. कुटार, तणस, पालापाचोळा, ढाब्यावरचा भाजीचा कचरा यांचे कंपोस्ट. तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळल्या काड्या, हवा कोंडून जाळल्या तर त्यांचा लाकडी कोळसा होतो. तो कुटून शेणखतात महिनाभर मुरवून घाला. दोन-तीन हंगामांत कन्हार जमिनीत फावडे सहज जाऊ लागते.

आणि ढाब्याची राख. ती चाळा, न जळलेला कोळसा परत भट्टीत जाईल, तेवढाच पैसा वाचेल. उरलेली ओली करून पोत्यात भरा. वीटभट्टीवाले मातीत मिसळायला राख घेतात, त्यांच्याशी बोला. ढाब्यासमोर ट्रक उभे राहून चिखल होतो तिथे खाली राख आणि वर मुरूम दाबून घेतला तर चालेल, फक्त विहीर, बोअर आणि नाल्यापासून दूर. भांडी घासायला ती नको.

तुमच्याकडे वाऱ्याबरोबर येणारी राखही पानांवर बसते, त्याला तुमचा इलाज नाही. आठवड्यातून एकदा झाडांवर सकाळी पाण्याचा फवारा मारा, पानांची छिद्रे मोकळी राहतात. बागेच्या ज्या अंगाने हा वारा येतो तिथे शेवग्याची किंवा कढीपत्त्याची रांग नको, त्यांचा पाला खाता. मेंदी किंवा अडुळशाचे दाट कुंपण करा. काढलेली भाजी तीन पाण्यांत धुवा, पहिले पाणी बागेत न ओतता मोरीत जाऊ द्या.